दहात किती

माझा रक्ताचा रिपोर्ट माझ्याशी आटपाडीच्या बाजारातल्या भाषेत बोलला. फोन कानाला लावला तर आतून एखादा ओळखीचा गडी बोलावा तसा आवाज. "अप्पा, तब्येत जरा उतरलीय, पण हाड मजबूत हाय. लेकीच्या लिव्हरचा तुकडा बसवला की गडी परत उभा ऱ्हाईल बगा. घाबरायचं काय बी कारण न्हाई."

मी जालिंदर सरगर. उभा जन्म खिलार बैलांच्या व्यापारात गेला. विकणारा माणूस बैलाचं वय सांगायचं सोडून शिंगांचं कौतुक करायला लागला, की मी आधी बैलाचं तोंड उघडून दात बघतो. त्या रिपोर्टात शिंगंच शिंगं होती. मी तीनदा ऐकला, मग चष्मा लावून वाचला. पानभर गोड बोलणं, आणि आकडा म्हणून एक नाही.

गुरुवारी सांगलीच्या हॉस्पिटलात माझं ऑपरेशन ठरलं होतं. जुन्या काविळीनं माझं लिव्हर सडवलं होतं आणि वर त्यात गाठी झाल्या होत्या. ते काढून टाकायचं आणि माझ्या लेकीच्या लिव्हरचा निम्म्याहून मोठा तुकडा मला बसवायचा. लेक म्हणजे तेजस्विनी, आमची तेजू. वय एकतीस, विट्याला कृषी खात्यात नोकरी, पदरात सहा वर्षांची ओवी. मला एवढंच कळायला हवं होतं, की याचा उपयोग किती? मी चांगला दहा वर्षं जगणार असेन तर गोष्ट वेगळी. पण चार महिन्यांत जायचाच असेन, तर पोरीच्या पोटावर सुरी चालवू देणारा बाप मला व्हायचं नव्हतं.

आकडा होता. तो कुठं होता ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

पूर्वी डॉक्टर अंदाजानं बोलायचे. आता नळीभर रक्त घेतात. आजारी पेशी मरताना त्यांचे तुकडे रक्तात सांडतात, त्या तुकड्यांवरून आजार कुठवर पसरलाय ते मशीन वाचतं. त्यावरून ते तुमचा एक हिशेबी देह तयार करतं, त्याला प्रतिदेह म्हणतात. त्याला हाडं-मांस काही नाही, सगळी नुसती गणितं. पण वागतो तुमच्यासारखाच. त्याला तीच कावीळ, त्याच गाठी. मग त्या प्रतिदेहावर मशीन तेच ऑपरेशन हजारो वेळा करून बघतं. काही वेळा तो जगतो, काही वेळा मरतो. शेवटी साधा हिशेब निघतो, दोन वर्षांनी दहातले किती उभे. हा हिशेब फारसा चुकत नाही, म्हणून तर सगळी दुनिया त्याच्या मागे लागली.

सुरुवातीला हा आकडा लोकांच्या हातात तसाच द्यायचे. त्यानं नको ते झालं. कुणी फोन हातात धरून हॉस्पिटलच्या गच्चीवरून उडी मारली. कुणी बापाचा आकडा बघून औषध बंद केलं आणि वाटण्यांची बोलणी सुरू केली. मग सरकारनं मध्ये दुसरं मशीन बसवलं. त्याचं नाव दिलासा. दिलासा तो आकडा घेतो आणि वाचणारा कोण, शिकलेला किती, भितो किती, हे बघून त्याला झेपेल असा रिपोर्ट लिहितो. पेशंटला आपल्या तपासणीची प्रत मिळण्याचा हक्क कायद्यात होताच, तो तसाच राहिला. फक्त प्रत दिलासाची मिळायची. आकड्याला कायद्यात "यंत्राची अंतर्गत नोंद" असं नाव दिलं आणि तो हक्कातून बाहेर काढला.

सोमवारी संध्याकाळी आम्ही तिघं घरी खाटेवर बसलो होतो. मी म्हणालो, "तुमचे फोन काढा बघू. माझ्याबद्दल तुम्हाला काय लिवून आलंय?"

माझी बायको वैजंता हिला आलेल्या प्रतीत सिद्धनाथाच्या कृपेनं सगळं पार पडेल असं लिहिलं होतं. मशीनला आमचं दैवतही ठाऊक! तेजूची प्रत सरकारी भाषेत होती. "दात्याच्या प्रकृतीवर नगण्य परिणाम. रुग्णास भरीव लाभ अपेक्षित." तिन्ही रिपोर्ट एकाच माणसाचे, पण एकाचं दुसऱ्याशी जुळेना. माझ्या प्रतीत गाठी "बारक्या", तेजूच्यात "नियंत्रणात", आणि वैजंताच्यात गाठींचं नावच नाही.

"अवो, तुमाला गाठी हायत हेच मला कुणी सांगितलं न्हाई," वैजंता म्हणाली.

"आई, मीच सांगितलं होतं काउंटरवर," तेजू खाली बघत म्हणाली. "आईला बीपी हाय, तिला काय कळू देऊ नका म्हणून."

"मी बी सांगितलं हुतं," वैजंता पदरानं डोळे पुसत म्हणाली. "ह्यांना काय सांगू नका, हाय खातील."

आता दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. मी काय वेगळा थोडाच होतो? नाव नोंदवताना मीही काउंटरवरच्या पोरीला बाजूला घेऊन म्हणालो होतो, की जे असेल ते माझ्याजवळ बोला, बायकापोरींना सांगू नका. आमच्याकडे असंच असतं. माणूस आजारी पडला की प्रत्येक जण डॉक्टरला गाठून दुसऱ्यापासून लपवायला सांगतो, आणि त्यालाच माया म्हणतो. पूर्वी डॉक्टर मान हलवायचा आणि त्यातल्या एकाला तरी खरं सांगायचा. मशीननं तिघांचंही ऐकलं. तीन अर्ज, तिन्ही मंजूर. घरात खरं कळलेलं माणूस एकही उरलं नाही.

मंगळवारी मी हॉस्पिटलच्या प्रत देण्याच्या खिडकीवर गेलो. वर मोठी पाटी होती, "आपल्या तपासणीची प्रत मिळणे हा आपला हक्क आहे." खाली एक तरतरीत मुलगी बसली होती.

"बाई, माझी प्रत पायजे."

तिनं स्क्रीन बघितला. "दिलीय की आजोबा. तीनदा ऐकलीयत तुम्ही."

"ती न्हाई. मूळ पायजे. आकडा."

"मूळ असं काही नसतं. ते मशीनचं मशीनपुरतं असतं."

"रक्त माझं, हिशोब माझ्या मरणाचा, आन् आकडा मशीनचा? ह्यो कुठला न्याय?"

ती बिचारी हसली. तिच्या मनगटावरचा पट्टा हिरवा लुकलुकत होता. तिथल्या सगळ्यांच्या हातात तो पट्टा असतो. पेशंटशी बोललेला शब्दन्‌शब्द तो ऐकतो आणि कुणाच्या तोंडून आकडा गेला तर नोकरी जाते. तिनं मला रीतसर रस्ता सांगितला. तिघांनी आपापले अर्ज मागे घ्यायचे, मग माझी सहनक्षमता तपासायची, त्यात पास झालो तर समिती बसणार. त्याला महिना-दीड महिना सहज.

"माझं ऑपरेशन परवा हाय."

"मग ऑपरेशन झाल्यावर करा ना अर्ज," ती म्हणाली. मनापासून म्हणाली, हेच वाईट.

सर्जनसाहेबांना गाठलं. तिथंही तेच. "सरगर, नियमात बसतंय म्हणून तर करतोय. निश्चिंत राहा." नियम काय आहे विचारलं तर त्यांचाही पट्टा लुकलुकला आणि ते पुढच्या पेशंटकडे गेले. मी व्हरांड्यात उभा राहिलो आणि मला खरंच रडू आलं. एवढा मोठा दवाखाना, भिंतीभिंतीत माझा हिशेब भरलेला, आणि मला माझी पोर कापू द्यायची का नाही ते सांगणारा एक माणूस नाही.

तेजूला म्हणालो, "नगं करूया."

"का?" ती भडकलीच. "रिपोर्ट चांगला हाय, तुमी भित्रेपणा करताय. उद्या तुमाला काय झालं तर मी तोंड कुठं दावू? ओवीला काय सांगू, आजोबाला वाचवता येत हुतं पण वाचवलं न्हाई?"

नुसता नको म्हणून सुटका नव्हती. माझ्याकडे कारण नव्हतं आणि तिच्याकडे तीन रिपोर्ट होते. आणि खरं सांगू? मलाही जगायचं होतं. मनाच्या एका कोपऱ्यात मला वाटत होतं, की असेल बाबा चांगला आकडा, आठ असेल, नऊ असेल. कशाला उकरून काढतोस? ह्या वाटण्याचीच मला जास्त भीती वाटत होती.

बुधवारी दुपारी ऑपरेशनच्या आधीचं शेवटचं रक्त द्यायला मी लॅबमध्ये गेलो. तेजू बाहेर बाकावर बसली होती, तिचंही रक्त माझ्यानंतर होतं, कारण देणाऱ्याचाही प्रतिदेह करून आकडा काढतात. रक्त घेतल्यावर लॅबच्या मुख्य डॉक्टर स्वतः भेटून दोन शब्द बोलतात, तशी तिथली पद्धत आहे. दारावर नाव होतं, डॉ. शबाना मुलाणी. चाळिशीची बाई, डोळ्यांखाली काळं आलेलं. तिनं समोरचं वाचायला सुरुवात केली, "अहवाल आश्वासक आहे..."

"मुलाणी म्हंजे कुठलं?" मी मध्येच विचारलं.

"दिघंचीचे."

"दिघंचीचे रसूल मुलाणी कोण तुमचे?"

ती थांबली. "माझे वडील."

"रसूलभाईची पोरगी तू! अगं, आटपाडीच्या बाजारात तुझ्या बापाच्या हातात हात घालून मी निम्मं आयुष्य काढलंय. फ्रॉक घालून त्याच्या मांडीला चिकटून बसायचीस ती तूच काय?"

ती हसली. माणसासारखं हसलेलं मी त्या इमारतीत पहिल्यांदा बघितलं. "मीच ती. गेले अब्बा, काका. चार वर्षं झाली. त्यांनाही शेवटपर्यंत असाच रिपोर्ट वाचून दाखवत होते."

तिच्या मनगटावर पट्टा लुकलुकत होता.

हल्ली बैलांचे सौदे फोनवर होतात, सगळ्या जगाला भाव दिसतो. आमच्या काळी तसं नव्हतं. भोवती शंभर माणसं उभी, आणि भाव मात्र फक्त घेणाऱ्या-देणाऱ्याला कळायचा. एकानं खांद्यावरचा टॉवेल हातावर टाकायचा, दुसऱ्यानं त्याच्याखाली हात घालायचा. जेवढी बोटं धरली तेवढा आकडा, पंजा धरला की पाच. तोंडानं दोघं पावसापाण्याचं बोलत असायचे आणि खाली बोटं खरं बोलायची. बापाशेजारी बसणारी पोरं हे न शिकवता शिकायची.

मी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि टेबलावर, आमच्या दोघांच्या मध्ये, माझ्या हातावर पसरला.

तिनं त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. मग दाराकडं, मग पट्ट्याकडं.

"बाई," मी म्हणालो, "म्हातारा माणूस, बैलांबिगर दुसरं सुचत न्हाई. समजा एका दावणीला धा आजारी बैलं हायत. सगळ्यांना चांगलं औषधपाणी केलं. दोन वर्सांनी किती उभी असत्याल?"

"मला जनावरांतलं काय कळतंय, काका," ती मोठ्यानं म्हणाली. "तुमचा अहवाल आश्वासक आहे. नीट जेवत जा."

आणि तिचा हात टॉवेलखाली आला. थंडगार हात. तिनं माझी दोन बोटं धरली.

मी वाट बघत राहिलो. आधी दोन, मग पंजा, म्हणजे सात, असं काही असेल म्हणून. तिनं ती दोनच बोटं दाबली, पुन्हा दाबली आणि सोडली.

दहात दोन. दोनपासून पुढं ऑपरेशनला मंजुरी मिळते हे मला नंतर कळलं. म्हणजे मी काठावर पास झालो होतो आणि हे लोक त्याला भरीव लाभ म्हणत होते.

"आन् औषधच न्हाई केलं, तर दिवाळीचा बाजार बघतील?"

तिनं माझ्या हातावर आपला पंजा उलटा, सपाट ठेवला. बाजारात त्याचा अर्थ काही नाही असा होतो.

मला रडायला वेळ नव्हता. "आणखी एक," मी म्हणालो. "त्यातल्या एका बैलाला वाचवायला एक धट्टीकट्टी कालवड..."

पुढचं मी बोलायच्या आत तिचा हात टॉवेलखालून निघून गेला होता.

"नाही काका," ती हळू म्हणाली. "ते तुमचं नाही. ते ज्याचं त्यालाच." मग नेहमीच्या आवाजात तिनं दाराकडं बघून हाक मारली, "पुढच्या पेशंटला थोड्या वेळानं पाठवा."

मी बाहेर येऊन तेजूच्या शेजारी बसलो. तोंडानं सांगायचा धीर झाला नाही. टॉवेल दोघांच्या मध्ये टाकला आणि म्हणालो, "हात घाल." लहानपणी तिला हा खेळ मीच शिकवला होता. तिनं बावरून हात घातला.

त्या क्षणी माझ्या मनात आलं, की पंजा उलटा ठेवावा. काही नाही म्हणावं आणि पोरीला मोकळं करावं. बाजारात मी ढीगभर खोटं बोललोय, म्हाताऱ्या बैलाला जवान म्हटलंय. पण टॉवेलखाली कधी खोटं बोललो नव्हतो. आणि दोन दिवस ज्या गोष्टीवरून मी ह्या लोकांना शिव्या देत होतो, तीच मी पोरीशी कशी करू? मी तिची दोन बोटं धरली.

"दोन? दहात?" तिचा चेहरा उतरला. मग तिनं ओठ आवळले. "दोन म्हंजे काय नसल्यापेक्षा बरं, अप्पा. दोन हायत की!"

"तुझा आकडा माझ्याजवळ न्हाई. आत मुलाणीबाई हायत. रसूलभाईची पोरगी हाय म्हणून सांगतो, टॉवेल घेऊन जा. तुझं तुला घे, मग बोलू."

ती आत गेली. मी बसून राहिलो. समोरच्या भिंतीवर दिलासाची जाहिरात चालली होती, एक हसरं कुटुंब एका फोनमध्ये डोकावत होतं. मी देवाचं नाव घेत होतो, आणि काय मागत होतो ते माझं मलाच कळत नव्हतं. तिचा आकडा चांगला निघावा हे मागत होतो, पण चांगला निघाला तर ती ऐकणार नाही हेही ठाऊक होतं.

तेजू बाहेर आली. टॉवेल तिनं घडी घालून आणला होता.

"काय?"

"चांगलं हाय, अप्पा. काळजी करू नका."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. अगदी त्या रिपोर्टसारखा, तोच गोड, गुळगुळीत आवाज. मशीन हे कुणाकडून शिकलं ते मला त्या बाकावर कळलं.

मी टॉवेलची घडी मोडली आणि पसरला. "हात घाल."

"कशाला? सांगितलं की."

"घाल म्हणतो."

तिनं हात घातला. मी चाचपलं तर मूठ. घट्ट मिटलेली मूठ. मी तिचा अंगठा धरून उघडायला बघितलं, करंगळी धरून बघितलं. लहान असताना मातीचा खडा तोंडात घालायच्या आधी ती मूठ अशीच मिटायची, आणि तेव्हा ती मला उघडता यायची. आता उघडेना.

"तेजू."

"न्हाई अप्पा."

मी हात बाहेर काढला. उठलो आणि तडक सहीच्या काउंटरवर गेलो. ऑपरेशन नको असं सांगितलं, अंगठा टेकवला, डोळा दाखवला. नकार द्यायला तिथं काही महिना लागत नाही, मिनिटात होतो.

तेजू मागनं पळत आली. लोक बघत होते, तिला त्याचं भान नव्हतं. "असं कसं केलंत? माझा आकडा कळलाच न्हाई तुमाला! कशावरनं ठरवलं?"

"चांगला असता तर बोटं उघडली असतीस."

ती तिथंच खाली बसली, फरशीवर, आणि लहान पोरासारखी रडायला लागली. "दोन हुते, अप्पा. दोन तरी हुते. त्या दोनातले तुमी कशावरनं नसता?"

मी तिच्याजवळ बसलो. मला त्या दोघांतला व्हायचं होतं. अजूनही व्हायचंय, ते काही सही केल्यानं जात नाही. ओवीला शाळेत सोडायला जायचंय, पुढच्या साली खोंड घ्यायचंय. पण हे मी तिला बोललो नाही.

रडणं ओसरल्यावर मी विचारलं, "आता तरी सांग. किती हुता?"

तिनं नाक पुसलं. "न्हाई सांगायची. माझा हाय त्यो."

दोन दिवस मी खिडकीखिडकीवर ह्याच हक्कासाठी भांडत होतो.

तेवढ्यात फोन वाजला. वैजंताचा होता. तेजूनं माझा हात धरला आणि घाईघाईनं म्हणाली, "आईला काय बी सांगू नका. घरी गेल्यावर बघू. चांगलं हाय म्हणा."

मी फोन कानाला लावला.

"अवो, काय म्हणाले?" वैजंतानं विचारलं.

"ऑपरेशन करत न्हाई मी. पोरीला कापून बी दहातले दोनच वाचत्यात. न्हाई केलं तर दिवाळी बघत न्हाई म्हणत्यात."

पलीकडं आमची म्हैस रेकत होती, तेवढंच ऐकू येत होतं. मला वाटलं फोन तिच्या हातातनं पडला. मी दोनदा हाक मारली.

"ऐकतेय," ती म्हणाली. "मग घरी या की. तिथं काय बसलाय?"